कुटुंबातल्या फसवणुकीवर कादंबरी लिहायचीये? आधी घराचे कागद काढा

घरच्याच माणसाने घरच्या माणसाला फसवलं, यावर कादंबरी लिहायचीये असं म्हणणारे खूप जण भेटतात, आणि ग्वाल्हेरच्या मराठी घरांत तर या विषयाला काही तोटा नाही. पण लिहायला बसलं की बहुतेकांचा पहिला चॅप्टर एकच असतो, वडील गेले, तेराव्याला सगळे जमले, तिजोरीची किल्ली सापडेना आणि मग आरडाओरडा. मला हे पटत नाही. आपल्याकडे फसवणूक भांडणातून होत नाही, ती सहीने होते, शांतपणे, चहा पिऊन झाल्यावर. आणि सही झाल्यावर तेच सगळे लोक महालक्ष्म्यांच्या जेवणाला एका पंगतीत बसतात, एकमेकांना पुरणपोळीचा आग्रह करतात, आणि वर्षानुवर्षं हे असंच चालतं. कादंबरी त्या पंगतीत आहे, किल्लीत नाही. खाली जे सांगतेय ते सगळं हे धरूनच.

सुरुवात जागेपासून करा आणि जागा लहान ठेवा. ग्वाल्हेर आता १० लाखांच्या वरचं शहर आहे, त्याला कोण छोटं गाव म्हणेल, पण त्यातल्या लश्कर भागातला मराठी समाज हे छोटं गावच आहे की, त्याच चारदोन घरांतल्या सोयरिकी, तेच गुरुजी, तोच गणपती, आणि एकाच भजनी मंडळात अशा दोन जावा ज्या घरी एकमेकींशी बोलत नाहीत. आपल्याला नेमकी अशी जागा हवी जिथे माणसाला तोंड चुकवता येत नाही. जिवाजीगंजातून निघालेला तुमचा नायक पायी बाड्यापर्यंत, म्हणजे लश्करातल्या मुख्य चौकापर्यंत गेला तर वाटेत कोण कोण भेटेल, कोण थांबून बोलेल, कोण पाहून न पाहिल्यासारखं करेल, हे एक पानभर लिहून काढा. हे पान कादंबरीत येणार नाही पण याच्याशिवाय पुढचं काही उभं राहत नाही. आणखी घट्ट जागा हवी असेल तर डबरा, शिवपुरी, गुना घ्या, तिथे मराठी घरं आणखी कमी, म्हणजे कुणाकडे काय शिजलं हे अजून लवकर कळणार.

मग हे कुटुंब इथे आलं कसं आणि इथेच का अडकलं ते ठरवा, इथे इतिहास कामाला येतो, पण सजावट म्हणून नाही. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी इथे छावणी टाकली तिचंच पुढे लश्कर झालं, दक्षिणेतून सरदार आले, त्यांच्यामागे कारकून, पुजारी, गवई, आणि त्यांची घरं इथलीच झाली. १९४८ ला संस्थान मध्यभारतात गेलं, ग्वाल्हेर हिवाळ्यातली राजधानी आणि इंदूर उन्हाळ्यातली. १९५१ च्या कायद्याने जहागिऱ्या गेल्या. १ नोव्हेंबर १९५६ ला मध्य प्रदेश झालं आणि राजधानी भोपाळला गेली. नव्वदच्या दशकात जेसी मिल ही इथली कापडगिरणी बंद पडली. आता या तारखा तुमच्या माणसांच्या वयांवर ठेवून बघा. थोरला भाऊ १९३२ चा, म्हणजे राजधानी हलली तेव्हा २४ वर्षांचा, सरकारी कारकून, ऑफिसबरोबर भोपाळला गेला. धाकटा १९३८ चा, मिलमधे लागला, आईवडिलांजवळ राहिला, वडिलांचं दुखणं त्याने काढलं, छपराची कवेलू त्याने बदलली, आणि पन्नाशी उलटल्यावर एक दिवस मिलला कुलूप. थोरला पेन्शन घेऊन रिटायर होतो आणि म्हणतो माझा हिस्सा. दोघंही खोटं बोलत नाहीयेत. असे दोन खरे समोरासमोर आले की तुम्हाला व्हिलन शोधायची गरजच पडत नाही.

आता कागद. हा भाग लोक टाळतात, कंटाळवाणा वाटतो म्हणून, आणि मग कादंबरीत वकील येऊन काहीतरी गोलमाल बोलतो आणि वाचणाऱ्याला कळतं की लेखकालाच माहीत नाही. कमीत कमी एवढं तरी माहीत हवं.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे वडिलांची स्वतःची कमाईची मालमत्ता असेल आणि वसीयत, म्हणजे मृत्युपत्र, न करता ते गेले, तर मुलगा, मुलगी, बायको आणि वडिलांची आई हयात असेल तर ती, सगळ्यांना सारखा हिस्सा. हो, मुलीला तेव्हापासून. आणि आईलाही, जी प्रत्येक घरात विसरली जाते कारण सगळे धरूनच चालतात की ती कुणाकडे तरी राहीलच. पण त्याच कायद्यात एक कलम २३ होतं, त्यात राहत्या घराची वाटणी बहिणीला मागता येत नव्हती जोवर भाऊ स्वतः वाटण्या करत नाहीत तोवर. राहायचा हक्क होता, तोसुद्धा ती अविवाहित असेल, विधवा असेल किंवा नवऱ्याने टाकलेली किंवा त्याच्यापासून वेगळी झालेली असेल तरच. २००५ मधे हे कलम गेलं आणि वडिलोपार्जित मालमत्तेतही मुलगी मुलासारखीच हिस्सेदार झाली. २०२० मधे सुप्रीम कोर्टाने आणखी स्पष्ट केलं की हा हक्क जन्माने आहे, ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असायलाच हवेत असं नाही.

यातून कादंबरीला काय मिळतं बघा. गोष्ट १९९० ची असेल तर वाड्यात परत आलेली विधवा आत्या घराबाहेर काढता येत नाही पण ती वाटणीही मागू शकत नाही, म्हणजे ती मागच्या खोलीत आहे, सगळ्यांचे पापड लाटतेय, आणि सगळ्यांना खटकतेय. गोष्ट २००६ ची असेल तर त्याच आत्याला अचानक सगळे विचारायला लागतात, आत्या तुला थंडी वाजते का, हीटर आणू का. तीच बाई, तीच खोली. म्हणून गोष्टीचं वर्ष आधी ठरवा, उगाच "काही वर्षांपूर्वी" लिहून सुटू नका.

आता ती सही. बहिणीने हिस्सा सोडला असं नुसतं तोंडी चालत नाही, घरावरचा हक्क सोडायचा तर कागद रजिस्टर व्हावा लागतो, म्हणजे तिला रजिस्ट्री ऑफिसात न्यावं लागतं, फोटो निघतो, अंगठा लागतो. हा तुमचा सगळ्यात मोठा सीन आहे आणि तो हळू लिहा. तिला घ्यायला कोण आलं, भाऊ की भाचा? आदल्या दिवशी भावाने साडी दिली होती का? ऑटोत ती मधे बसली की कडेला? कागद हिंदीत टाइप केलेला, तिने चष्मा आणलाय का, आणला असेल तर वाचला का, की "दादाने वाचलाय ना" म्हणून सही केली? आणि बाहेर आल्यावर भाऊ तिला उसाचा रस पाजतो, आणि ती खूष असते, खरंच खूष असते कारण कित्येक वर्षांनी भाऊ तिच्याबरोबर एकटा कुठेतरी आलाय. तिला कळतं ते कितीतरी पुढे, मुलीच्या लग्नात पैसे कमी पडतात तेव्हा. मला विचाराल तर या विषयावरची अख्खी कादंबरी या एका दुपारवर उभी राहू शकते.

वसीयतीचा सीन करायचा असेल तर दोन साक्षीदार लागतात आणि वसीयत रजिस्टर करायलाच हवी असं नाही, म्हणून तर ती कधीही कुणाच्याही ट्रंकेतून निघू शकते. साक्षीदार कोण होते यावर विचार करा, एक शेजारी जो आता या जगात नाही आणि एक फॅमिली डॉक्टर जो सगळ्यांच्या घरी जातो आणि गप्प आहे. नगर निगममधे नामांतरण झालं, म्हणजे तिथल्या नोंदीत आपलं नाव लागलं, की घर आपलं झालं असं तुमच्या एखाद्या कॅरेक्टरला खुशाल वाटू द्या, कितीतरी लोकांना वाटतं, पण तेवढ्याने मालकी होत नाही, आणि हे त्याला ज्या दिवशी कळेल तो दिवस तुमच्या हातात आहे. अजून एक, २० डिसेंबर २००४ च्या आधी झालेल्या रजिस्टर्ड किंवा कोर्टाच्या वाटण्यांना २००५ च्या नव्या कायद्याने हात लावला नाही, त्यामुळे कुणीतरी जुन्या तारखेचा कागद बनवायचा प्रयत्न करू शकतो आणि तो रजिस्टर नाही म्हणून तिथेच फसू शकतो. प्लॉट म्हणून हे अगदी तयार मिळतंय.

आणि ग्वाल्हेरचं खास म्हणजे जुने कागद. संस्थानातल्या कागदांवर साल बहुतेक विक्रम संवताचं, म्हणजे ५७ वजा करायचे, जानेवारीपासून चैत्र लागेपर्यंतचे महिने असतील तर ५६. आणि त्याहून जुने कागद मोडीत. घरात मोडी वाचता येणारा एकच म्हातारा आहे, समजा नानाआजोबा, आणि सगळं घर त्याच्याभोवती बसून ऐकतंय की पणजोबांनी काय लिहून ठेवलंय. तो जे वाचेल ते खरं. त्याने एक ओळ गाळली तर? कुणालाच कळणार नाही, जोवर नात पुण्याला जाऊन मोडी शिकून येत नाही. मी सांगते, हा धागा अजून कुणीतरी नीट वापरायला हवा, आपल्या भागाइतका तो दुसरीकडे कुठे शोभणार.

माहिती गोळा करायला वकिलाकडेच जायला हवं असं नाही. हिंदी पेपरातल्या आम सूचना, म्हणजे जाहीर नोटिसा, रोज वाचा, महिनाभर कापून ठेवा. "मेरा पुत्र मेरे कहने में नहीं है, मैं उसे अपनी चल-अचल संपत्ति से बेदखल करता हूँ" अशा दोन ओळींमागे काय काय घडून गेलं असेल. (नुसत्या पेपरातल्या सूचनेने वडिलोपार्जित हिस्सा जात नाही, पण बाप ती छापतो कारण त्याला ती बाड्यावर सगळ्यांनी वाचायला हवी असते.) जिल्हा कोर्टाच्या बाहेर बाकावर एक सकाळ बसा. तारीख पडल्यावर दोन भाऊ कोर्टातून निघून कसे वेगवेगळ्या दिशेला जातात आणि गाडी मात्र एकाच स्टँडवर लावलेली असते ते बघा.

कागद झाले, आता घर. नातं बिघडलंय हे कधीही सांगू नका, घरातल्या वस्तूंतून दिसू दे. चौकात प्लायवूडची भिंत. दोन लाइट मीटर. दोन गॅस पण तुळस एकच, मग पाणी कोण घालतं? तिघरा धरणाचं पाणी एक दिवसाआड येतं त्या उन्हाळ्यात मोटर कुणी आधी लावली, टाकी कुणाची भरली, मे महिन्यातल्या ४५ डिग्रीत यावरून जे बोलणं होतं ते हिश्शावरून कधीच होत नाही, आणि खरं तर ते हिश्शाबद्दलच असतं. अबोला असलेल्या घरात निरोप पोरांकडून जातात, "काकांना सांग जेवण झालंय," आणि ते पोर पाच वर्षांचं असल्यापासून निरोप्या आहे, त्याला माहीत आहे कुठला निरोप पोचवायचा आणि कुठला वाटेत मऊ करायचा. अशा पोराला निवेदक केलं तर मला आवडेल वाचायला, मोठा झाल्यावर तो कुणाशीच सरळ बोलू शकत नाही हे दाखवता येईल.

देवघर विसरू नका. आपल्याकडे जमिनीची वाटणी एकवेळ होते पण देवांचे टाक कुणाकडे राहणार यावर घरं तुटतात. कुलाचार थोरल्याकडे, पण थोरला भोपाळला फ्लॅटमधे, तर मग नवरात्राचा घट कुठे बसणार? धाकट्याने इथेच बसवला तर त्याने थोरल्याचा मान घेतला. नाही बसवला तर घर रिकामं. आणि आईला दोन्हीकडे जाता येत नाही. हे भांडण पैशाचं नाही म्हणून जास्त लागतं.

आईबद्दल थोडं जास्त लिहिते कारण इथे सगळ्यात जास्त ड्राफ्ट पडतात. आईला एकतर देवी करतात किंवा बिचारी करतात. खऱ्या घरात आईला माहीत असतं. कुणी सही घेतली, कुणी दागिने गहाण टाकले, तिला सगळं माहीत असतं आणि ती गप्प असते कारण तिला ज्याच्याकडे राहायचंय त्याच्याविरुद्ध ती बोलू शकत नाही. तिची ती गप्प राहणी ही पण फसवणूकच आहे, मुलीची, आणि मुलीला हे भावाच्या फसवणुकीपेक्षा जास्त झोंबतं. तिचं कारण पूर्ण द्या, तिच्या तोंडून नाही तर तिच्या दिवसातून, औषधं कोण आणतं, रात्री बाथरूमला उठली की दिवा कोण लावतं. मग वाचणारा तिला माफ करेल की नाही ते त्याच्यावर सोडा.

फसवणाऱ्याला पण असंच. त्याने देवासमोर उभं राहून जे कारण सांगितलं असतं ते तुम्हाला लिहिता आलं पाहिजे, आणि लिहिताना तुम्हाला ते थोडं पटलं पाहिजे. नाही पटलं तर तो माणूस अजून तयार नाही, थांबा.

समाजातली कुजबुज लिहिताना एक काळजी घ्या. कुणी तोंडावर काही बोलत नाही. हळदीकुंकवात वाण देताना एक बाई विचारते, "ताई यंदा माहेरी नाही का गेल्या?" बस. एवढंच. आणि सगळ्या जणी तिळगुळाकडे बघतात. मुलाचं लग्न ठरत ठरत मोडतं आणि कारण पत्रिका सांगतात. थेट टोमणे मारणारी शेजारीण सिरियलमधे असते, तिला आत घेऊ नका. सगळं बघणारं कुणी हवंच असेल तर खालचा जुना भाडेकरू घ्या, त्याच्या बापाच्या वेळचं भाडं, १९६१ चा भाडेकायदा त्याच्या बाजूने, निघत नाही, आणि दोन्ही भाऊ आपापल्या परीने त्याला आपल्याकडे ओढतायत. तो हिंदी बोलतो, मराठी सगळी समजते, पण समजते हे कुणाच्या लक्षात नाही.

डायलॉग. इथली घरं पैशाचं, कोर्टाचं, मकानाचं बोलायला लागली की आपोआप हिंदीत जातात आणि रडायला लागली की मराठीत येतात, हे कानाने पकडा आणि तसंच ठेवा, पुण्याच्या वाचकाला कळावं म्हणून सगळं धुऊन काढू नका, त्याला कळतं. आणि संबोधनं सांभाळा. भाऊ लहानपणापासून थोरल्याला "दादा, तू" म्हणतोय आणि एका दिवाळीला म्हणतो "तुम्ही बसा," त्या एका वाक्यावर चॅप्टर संपवता येतो. दिराने वहिनीला नुसतं नावाने हाक मारली असं मात्र लिहू नका, असं काही घडलं तर त्या घरात भूकंप होईल आणि तुम्हाला तो भूकंप लिहावा लागेल.

कथानकाची गाठ कधी सोडायची हे विचारतात सगळे. माझं मत, वाचणाऱ्याला लवकर सांगा, पहिल्या एक तृतीयांशातच. फसवलं कुणी हे शोधत बसवण्यात मजा नाही, हे डिटेक्टिव्ह काम नाही. वाचणाऱ्याला माहीत आहे, भावाला माहीत आहे, आईला माहीत आहे, आणि बहीण राखी घेऊन ट्रेनमधे बसलीये, हे जास्त पकडतं. यासाठी वहीत एक तक्ता करा, आडवे चॅप्टर, उभी माणसं, आणि प्रत्येक चौकोनात त्या वेळी त्याला काय माहीत आहे ते लिहा. दुसरा ड्राफ्ट या तक्त्याशिवाय करायला घेऊ नका, नाहीतर चौथ्या चॅप्टरला ज्याला माहीत होतं तो नवव्याला दचकतो.

स्वतःच्याच घरावर लिहित असाल, आणि बरेच जण तेच करतात, तर भावंडांची संख्या बदला, धंदा बदला, गल्ली बदला, कोण आधी गेलं ते बदला. नुसती नावं बदलून लश्करात काही लपत नाही. जे अजून हयात आहेत आणि ज्यांना उत्तर देता येणार नाही त्यांच्याबद्दल तर जास्तच जपून. हे भीतीने नाही सांगत, बदलल्यावर गोष्ट तुमच्या हातात येते, तोवर ती घराचीच असते.

शेवटाला समेट नको. आणि कोर्टाचा निकालही नको, दिवाणी दावे पिढी बदलली तरी चालू असतात, तेच खरं आहे, म्हणून केस चालू असतानाच संपवा. त्याआधी दोन माणसांना ड्राफ्ट द्या. एक दिवाणी वकील, त्याला फक्त विचारा की हा कागद असा होईल का आणि ती सही अशी घेता येईल का. दुसरी समाजातली एखादी सत्तरीतली बाई जी सगळ्यांच्या मुंजी-लग्नांना गेलीये. तिला कथा कशी वाटली ते विचारू नका, एवढंच विचारा की ही माणसं एकमेकांच्या घरी पाणी पितील का. ती जिथे म्हणेल "छे, हे असं कुणी बोलणारच नाही," ती पानं परत लिहायला घ्या.